करप्शन म्हणजे दरवेळी भ्रष्टाचारच का?

शाळामास्तरीण

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात भाषांतराला वाक्यं दिली होती, त्यात करप्शन हा शब्द मुद्दाम तीनदा घातला होता. एक वाक्य सरकारी खात्यातल्या करप्शनचं, दुसरं कम्प्युटरमधली फाईल करप्ट झाल्याचं, आणि तिसरं असं की इंग्रज लिहायचे ते 'किर्की' हे 'खडकी'चं करप्शन आहे. अठ्ठावीस वह्या आल्या. पहिलं सगळ्यांना जमलं. दुसऱ्याला बऱ्याच जणांनी 'फाईल भ्रष्ट झाली' असं लिहिलं. आणि तिसऱ्याला एकोणीस जणांनी लिहिलंय 'किर्की हा खडकीतला भ्रष्टाचार आहे'.

मला मुलांचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण पाचवीपासून आपणच त्यांना एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द असं पाठ करायला लावतो, आणि करप्शनपुढे भ्रष्टाचार एवढंच लिहिलेलं असतं, मग पोरं तरी काय करणार. म्हणून हा धागा काढतेय. ज्याला जे माहीत असेल ते लिहा, मी ते वर्गात नेणार आहे.

सुरुवात मी करते. मूळ लॅटिन क्रियापद रुम्पेरे, म्हणजे मोडणं, फोडणं. त्याच घरातले शब्द आपण रोज वापरतो, इंटरप्ट म्हणजे मधेच तोडणं, इरप्ट म्हणजे फुटून बाहेर येणं, बँकरप्ट, अ‍ॅब्रप्ट, रप्चर. करप्टमधला पुढचा तुकडा जोर द्यायला आलाय, म्हणजे पार मोडून जाणं, पुरतं नासणं. चौदाव्या शतकात फ्रेंचमार्फत हा शब्द इंग्रजीत आला आणि तेव्हा तो सडण्या-कुजण्यालाही सर्रास वापरायचे, मांसाच्या, फळाच्या, मृतदेहाच्या. माणसाच्या नीतीला आणि अधिकाऱ्याच्या लाचखोरीला तो लागतो ते याच कुजण्यावरून. जे आधी धड होतं ते आतून बिघडलं, हा धागा सगळ्या अर्थांमधून जातो.

आता गंमत अशी की बिघडण्याला मराठीत किती क्रियापदं आहेत बघा. दूध नासतं, आमटी विटते, पीठ आंबतं, तेल खवट होतं, भाकरीला बुरशी येते, धान्याला कीड लागते, फळ सडतं, पाला कुजतो, लोखंड गंजतं. मुलांना हे सगळं घरून येतं. त्यांना करप्शन समजावताना भ्रष्टाचारापासून सुरू करण्याऐवजी नासण्यापासून सुरू केलं तर? मात्र एक सांगावं लागेल, आजच्या इंग्रजीत दुधाला करप्ट म्हणत नाहीत, दूध 'गोज ऑफ' किंवा 'गोज बॅड'. तो जुना अर्थ जुन्या पुस्तकांत भेटतो.

एमपीएससी_उमेदवार

मॅडम मी तुमच्या वर्गातला नाही पण माझा पण हाच घोळ होतो. मला लहानपणी वाटायचं करप्ट म्हणजे करपलेलं, भाकरी करपते तसं 😀 आणि खरं सांगू का तसंच लक्षात राहिलं. त्याचा काही संबंध आहे का?

दुसरा प्रश्न, 'ही डिड करप्शन' चूक का? आपण भ्रष्टाचार केला म्हणतो ना. आणि 'मेनी करप्शन्स' पण मी निबंधात लिहिलं होतं, सरांनी लाल गोल केला पण कारण नाही सांगितलं.

शाळामास्तरीण

करपण्याशी संबंध नाही रे, उच्चार नुसता जवळचा आहे. आणि लक्षात ठेवायला वापरू नकोस असंच सांगेन, कारण करपतं ते बाहेरच्या आचेनं. करप्शनमध्ये भाकरीच्या पिठातच खोट येते.

भ्रष्टाचार 'केला' हे मराठीत ठीक, इंग्रजीत करप्शन 'करत' नाहीत. तिथे माणसावर करप्शनचा आरोप असतो, तो करप्शनमध्ये सामील असतो, किंवा सरळ सांगायचं, त्यानं ब्राइब घेतली. 'ही करप्टेड' एवढंच लिहून थांबलास तर वाचणारा विचारेल कुणाला बिघडवलं, कारण ते क्रियापद आलं की कोण कुणाला बिघडवतो ते यावं लागतं. सॉक्रेटिसवर इसवीसनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्समध्ये खटला चालला, त्यात एक आरोप तरुणांना करप्ट केल्याचा होता. त्यानं कुणाला पैसे दिले नव्हते. म्हणणं असं होतं की पोरांची डोकी फिरवली, त्यांना वाईट मार्गाला लावलं.

अनेकवचनाचं असं की लाचखोरीच्या अर्थानं करप्शन मोजत नाहीत, पाणी मोजत नाही तसं. पण शब्दाच्या अपभ्रंशाच्या अर्थानं मोजता येतं, तिथे 'अ करप्शन ऑफ' असं 'अ' लावून येतं. मी मुलांना एक खूण देणार आहे, मागचा छोटा शब्द बघा. 'करप्शन इन' पुढे खातं, पोलीस, क्रिकेट असं काही आलं तर बहुतेक वेळा पैशाचा मामला. 'करप्शन ऑफ' पुढे भाषा, नाव, डेटा, मन असं आलं तर ती वस्तू स्वतः बिघडली. ही खूण शंभर टक्के चालत नाही, 'करप्शन ऑफ ऑफिशियल्स' म्हटलं की अधिकारी भ्रष्ट आहेत की कुणी त्यांना भ्रष्ट करतंय हे पुढचं-मागचं वाचूनच कळतं.

आणि उच्चार करताना जोर मधल्या 'रप्'वर दे, पहिलं अक्षर हलकं सोड.

बाइटबाबा

ताई फाईलचं मी सांगतो, वीस वर्षं हेच करतोय. लोक दुकानात येऊन सांगतात पेन ड्राइव्ह करप्ट झाला, तेव्हा निम्म्या लोकांच्या मनात व्हायरस असतो, म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय असं. तसं नसतंच बऱ्याचदा. फाईल लिहिली जात असताना लाईट गेली, किंवा 'सेफली रिमूव्ह' न करता पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर अर्धी फाईल नवी आणि अर्धी जुनी राहते, नाहीतर कुठली फाईल कुठे ठेवलीय त्याची जी यादी असते तीच अर्धवट राहते. फाईल जागेवर असते, साईज पण दिसते, पण उघडत नाही. फोटो असेल तर वरचा भाग नीट दिसतो आणि खाली सगळं राखाडी. म्हणून डिलीट झालेली फाईल वेगळी आणि करप्ट झालेली वेगळी, हे मुलांना नक्की सांगा, डिलीट म्हणजे गेली, करप्ट म्हणजे आहे पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे जी गुपचूप होते. एखादा बिट उलटा झाला, शून्याचा एक झाला, फाईल उघडते सुद्धा, फक्त एक आकडा चुकलेला असतो. त्याला सायलेंट करप्शन म्हणतात. ते पकडायला चेकसम काढून ठेवतात, म्हणजे फाईलमधल्या सगळ्या आकड्यांवरून एक छोटी खूणगाठ बांधायची आणि नंतर परत काढून ताडून बघायची.

इथे खलनायक कोणी नसतो. भ्रष्टाचार शब्द म्हणूनच बसत नाही, आचार करायला माणूस लागतो. मी मराठीत 'फाईल खराब झाली' म्हणतो.

आणि एक, फाईलला 'करप्ट' पण चालतं 'करप्टेड' पण चालतं. माणसाला तसं चालतं का?

शाळामास्तरीण

'आहे पण विश्वास ठेवता येत नाही' हे वर्गात फळ्यावर लिहिणार, फार छान सांगितलंत दादा. माणसाला दोन्ही लागतात पण अर्थ बदलतो. करप्ट ऑफिसर म्हणजे लाचखोर अधिकारी. करप्टेड म्हटलं की त्याला कशानं तरी बिघडवलंय, पैशानं, संगतीनं, सत्तेनं. लॉर्ड अ‍ॅक्टन या इंग्रज इतिहासकाराचं १८८७ च्या पत्रातलं वाक्य सगळे 'पॉवर करप्ट्स' असं सांगतात, त्यानं लिहिलं होतं 'पॉवर टेंड्स टू करप्ट', म्हणजे सत्तेचा कल बिघडवण्याकडे असतो, आणि मग निरंकुश सत्तेबद्दल पुढचं ठाम वाक्य. तो 'टेंड्स' गाळला की पहिलं वाक्य त्यानं लिहिलं त्यापेक्षा जास्त ठाम होऊन बसतं.

वसईकर

मास्तरीणबाई, कुजण्याचा अर्थ जुन्या पुस्तकांतच भेटतो म्हणालात, आमच्याकडे तो जिवंत आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'तुझ्या पवित्र पुरुषाला करप्शन बघू देणार नाहीस' अशा अर्थाचं वचन आहे, आमच्या मराठी बायबलमध्ये तिथे कुजणं हाच शब्द येतो. मी शाळेत असताना इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून वाचायचो, तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथे लाच-बिच काही नाहीये. पौलाच्या पत्रात देहाबद्दल 'सोन इन करप्शन, रेज्ड इन इनकरप्शन' आहे, म्हणजे पेरतात ते नाशवंत आणि उठतं ते अविनाशी.

आणि आत्ताचं उदाहरण पाहिजे तर गोव्याचं घ्या. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, त्यांचं शरीर जुन्या गोव्याला बॉम जेझस बॅसिलिकात आहे, आणि दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात, मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. इंग्रजी पेपरात तेव्हा 'इनकरप्ट बॉडी' असे शब्द होते. माझ्या मुलीनं विचारलं, पप्पा बॉडी प्रामाणिक कशी असते. मी सांगितलं बाळा, न कुजलेली. पण तोच इनकरप्टिबल शब्द माणसाला लावला तर मात्र पैशानं विकला न जाणारा. फ्रेंच क्रांतीतल्या रोबेस्पिएरला लोक तसंच म्हणायचे.

आमच्या गावाचं नाव पण घ्या त्या किर्कीबरोबर. वसईचं पोर्तुगीजांनी बसाईं केलं, इंग्रजांनी त्याचं बसीन केलं.

कोर्टकचेरी

नमस्कार. कायद्यातला मुद्दा मांडतो कारण इथे शिकलेल्या माणसांचाही गोंधळ होतो.

आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्याआधी १९४७ चा होता, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सरळ गुन्हेगार धरलंय. हा करप्शनचा नेहमीचा अर्थ. आपल्या राज्यातल्या खात्याचं नाव बघा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४ नंबरवाला. इंग्रजीत त्यालाच अँटी करप्शन ब्यूरो. म्हणजे मराठीत नाव ठेवणाऱ्यांनी करप्शनचं भाषांतर भ्रष्टाचार न करता लाचलुचपत केलं, ते जास्त नेमकं आहे असं माझं मत.

पण निवडणुकीच्या कायद्यात, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये 'करप्ट प्रॅक्टिस' म्हणून जी यादी आहे त्यात लाच आहेच, शिवाय मतदारावर दबाव टाकणं आहे, धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावावर मत मागणं आहे, उमेदवाराबद्दल खोटी माहिती पसरवणं आहे, सरकारी नोकरांची मदत घेणं आहे. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली ती करप्ट प्रॅक्टिसवर. एक रुपया लाच घेतल्याचा तो ठपका नव्हता. सरकारी सेवेत असलेल्या माणसाची आणि व्यासपीठ वगैरे उभारायला सरकारी यंत्रणेची मदत घेतली, हा मुद्दा होता. पुढे नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात निकाल फिरला ते वेगळं. पण 'करप्ट' वाचून कुणी पैसे खाल्ले असं समजलं तर ते प्रकरणच कळणार नाही.

अजून एक जुना शब्दप्रयोग, करप्शन ऑफ ब्लड. इंग्लंडमध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली की त्या माणसाचं रक्तच नासलं असं धरायचे, मग त्याच्याकडून किंवा त्याच्यामार्फत मुलानातवंडांना वारसा मिळायचा नाही. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात यावर नाव घेऊन बंधन घातलंय, इंग्लंडनं १८७० मध्ये ही पद्धत संपवली. बापाच्या गुन्ह्यापायी मुलाचं रक्त नासकं ठरवणं, हे वाचलं तेव्हा मला फार बेचैन व्हायला झालं होतं.

एमपीएससी_उमेदवार

सर हे कलम १२३ आम्ही पाठ केलंय, पण करप्ट प्रॅक्टिसचा अर्थ आत्ता कळला. धन्यवाद 🙏

पोथीवाला

ताई, तुमच्या तिसऱ्या वाक्याबद्दल लिहितो. तिथे मराठी शब्द अपभ्रंश. आणि गंमत म्हणजे भ्रष्ट आणि अपभ्रंश हे एकाच संस्कृत धातूचे, भ्रंश् म्हणजे खाली पडणं, ढळणं. स्मृतिभ्रंश त्यातलाच, गीतेत सहाव्या अध्यायात योगभ्रष्ट येतो तोही त्यातलाच, तिथे त्याचा अर्थ साधना पुरी न होता मधेच ढळलेला. लॅटिनवाल्यांनी मोडण्यापासून शब्द केला, आपण पडण्यापासून केला, आणि दोन्हीकडे तोच शब्द माणसाच्या वागण्यालाही लागला आणि भाषेलाही लागला. पतंजलीनं महाभाष्यात सांगितलंय की एका शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात, आणि उदाहरण दिलंय गौः या शब्दाचं, लोक त्याला गावी, गोणी, गोता, गोपोतलिका म्हणतात म्हणून.

दुसरा अर्थ अजून कुणी लिहिला नाही, पोथीतला. हातानं नकलून घेताना अक्षरं बदलतात. घ चा ध होतो, भ चा म होतो, दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा खालच्या ओळीवर उडी मारतो आणि मधली ओळ गळते. त्याला इंग्रजीत करप्ट टेक्स्ट म्हणतात, आपल्याकडे भ्रष्ट पाठ. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे संपादक जिथे मजकूर हाताबाहेर गेलाय तिथे दोन बाजूंना कट्यारीसारखं चिन्ह घालतात, म्हणजे इथे मला मूळ सापडलं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला सुरू झाली आणि १९६६ ला पुरी झाली, १२५९ हस्तलिखितं ताडून. एवढी वर्षं कशात गेली तर बाइटबाबा सांगतात तेच काम, ताडून बघणं.

आणि त्याही आधी आपल्याकडे नाथांनी केलंय. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नकला होत होत तीनशे वर्षांत पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. त्यांचे शब्द फार काळजीपूर्वक आहेत, 'ग्रंथ पूर्वीच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध'. मूळ ग्रंथ शुद्धच आहे, बिघाड नकलांत झालाय. आणि पुढे बजावलंय की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखी. करप्शन ऑफ टेक्स्ट यापेक्षा चांगलं कुणी समजावलेलं मला माहीत नाही.

गोदाकाठ

पोथीवाले काका, तुमचं सगळं पटलं पण एका जागी अडलो, आणि ते सांगायलाच लॉगिन केलंय.

मी सातवीत असताना परभणीकडच्या गावातून मोठ्या शहरात आलो. वर्गात विळ्याला 'इळा' म्हणलो, विस्तवाला 'इस्तू' म्हणलो. एका सरांनी उभं करून सांगितलं, तुझी भाषा भ्रष्ट आहे, घरी काय बोलता तुम्ही. मी त्यानंतर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही, आईला पण म्हणायचो तू शाळेत येऊ नको, तू बोलू नको. आज त्या गोष्टीची मला लाज वाटते, भाषेची नाही.

ज्ञानेश्वरीला मूळ प्रत होती, ज्ञानेश्वरांनी एकदाच सांगितली, म्हणून बिघडली असं म्हणता येतं आणि दुरुस्त पण करता येतं. मराठी भाषेची मूळ प्रत कुठाय? माझी आई ज्याची चुकीची नक्कल करतेय ते मूळ कुणाकडे ठेवलंय? महाराष्ट्री प्राकृतातून, मग अपभ्रंश नावाच्या भाषेतून आपली मराठी आली असं आपणच शिकवतो, मग संस्कृतवाल्यांच्या हिशोबानं अख्खी मराठीच भ्रष्ट ठरती, त्या सरांची पण. आता भाषाशास्त्रवाले लोक पण 'करप्शन' शब्द टाळतात, नुसतं बदललं म्हणतात.

आणि भ्रष्ट हा शब्द आपल्याकडे अजून कुठं लागत होता ते पण विसरू नका. माणसाच्या शिवण्यानं पाणी भ्रष्ट व्हायचं. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर नंतर तिथल्या सनातनी लोकांनी तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. तेव्हा मॅडम, पोरांना शब्द शिकवताना हे पण सांगा की करप्ट म्हणणारा माणूस आधी शुद्ध काय ते ठरवून बसलेला असतो, आणि ते कुणी ठरवलं ते विचारा.

पोथीवाला

गोदाकाठ, तुझं म्हणणं खरं आहे, मूळ प्रत असलेली गोष्ट आणि नसलेली गोष्ट मी एकाच दोरीत ओवली. ग्रंथाला पाठ असतो, बोलीला नसतो. नाथांचाच दाखला द्यायचा तर त्यांनी भारुडं लोकांच्या बोलीत लिहिली, ती कुणाची दुरुस्ती करायला नाही लिहिली. तुझ्या त्या सरांनी चूक केली.

वसईकर

गोदाकाठ भाऊ, आमची सामवेदी, कादोडी बोलीवाली पोरं पण यातून गेलीत. लिहिलंत ते बरं केलंत.

शाळामास्तरीण

दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही. गोदाकाठ, तुमची पोस्ट वाचून मी माझ्याच वह्या परत काढल्या. मीही लाल पेनानं 'अशुद्ध' लिहिते. लेखनाच्या चुकीला लिहिते, पण त्या पोराला ते काय ऐकू येत असेल याचा विचार केला नव्हता.

किर्की-खडकीच्या वाक्याबद्दल. इंग्रजांच्या काळातल्या शब्दांचा १८८६ चा एक मोठा कोश आहे, यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन. ते नाव म्हणजे मोहरममधली 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी जशी झाली तशी. त्यात शब्दाशब्दाला करप्शन लिहिलेलं आढळतं, आणि बहुतेक वेळा शब्द बदलणारे स्वतः इंग्रजच असतात. मुंबईतल्या भेंडी बाजाराचं नाव 'बिहाइंड द बझार'चं करप्शन आहे असं सांगतात, आणि दुसरे म्हणतात तिथे भेंडीची झाडं होती म्हणून. म्हणजे कुणी एखाद्या शब्दाला करप्शन म्हटलं की आधी मूळ कोणतं याचाच वाद असू शकतो, हे वर्गात घेणार.

उद्या मी दुधापासून सुरू करतेय. पोरांना सांगणार घरून बिघडण्याचे शब्द आणा, जसे बोलता तसेच आणा, मी ते जसेच्या तसे फळ्यावर लिहीन आणि मग त्यांच्यापुढे करप्शन ठेवू. तुमच्याकडचे असतील तर द्या.

एमपीएससी_उमेदवार

आमच्याकडे भाजीला 'आंबूस वास मारतोय' म्हणतात. आणि शेंगदाणा 'खवाट' झाला.

वसईकर

सुक्या मासळीला ओल लागून बिघडली की आई 'घाण लागली' म्हणायची.

गोदाकाठ

मॅडम, आमच्याकडं वरण इटतं. आई म्हणायची, वरण इटलं रं, जनावराला घाल. तसंच लिहा फळ्यावर.